खिडकीतून टाकलेला रुमाल

नांदूरघाटात केजची एसटी थांबते न थांबते तोच खिडक्यांतून आत रुमाल पडतात. माणूस खाली, पण जागा धरलेली. दोन वेबकॅम एकदम चालेनात, तेव्हा मला हे रुमालच आठवले.

लिनक्सच्या जुन्या लॅपटॉपवर एक कॅमेरा माझ्या तोंडासमोर, दुसरा गणिताच्या वहीवर रोखलेला. पहिला लागला. दुसरा सुरू करताच उत्तर आलं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. हार्ड डिस्क पाहिली तर निम्मी रिकामी! जागा संपली होती ती तारेवरची.

यूएसबी २.० सेकंदाला ४८ कोटी बिट वाहते. त्या सेकंदाचे ती ८,००० तुकडे करते आणि एका तुकड्यात ७,५०० बाइट मावतात. चित्र वेळेवर पोचलंच पाहिजे, म्हणून कॅमेऱ्याला आरक्षण मिळतं. पण आरक्षणाला मर्यादा ८० टक्क्यांची, म्हणजे ६,००० बाइट. आता गंमत बघा. एक कॅमेरा जास्तीत जास्त ३,०७२ बाइट धरू शकतो आणि पुष्कळ कॅमेरे जवळपास तेवढेच धरून बसतात. दोघांचे झाले ६,१४४. अडलं कशावर, तर १४४ बाइटवर! एका एसएमएसमध्ये जास्तीत जास्त १४० बाइटचा मजकूर मावतो.

आणि गरज तरी केवढी? ६४० बाय ४८० चं साधं चित्र, सेकंदाला ३० वेळा, म्हणजे तुकड्यामागे २,३०४ बाइट. बाकी नुसता रुमाल. चित्र एमजेपेगमध्ये दाबून पाठवलं तर गरज आणखी घटते, तरी कित्येक कॅमेरे रुमाल तेवढाच मोठा टाकतात.

हब आणून उपयोग नाही. दारं वाढतात, बस तीच राहते. (यूएसबीतला 'बी' म्हणजे बसच, हे मला फार आवडतं.) 'एलएसयूएसबी -टी' लिहिलं की कोणता कॅमेरा कोणत्या बसमध्ये बसलाय ते झाडासारखं दिसतं, दुसरी बस असेल तर एकाला तिकडे हलवावं.

माझ्याकडे दुसरी नव्हती. पण २००८ पासून लिनक्स कर्नलमध्ये असलेल्या यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हरला 'क्वर्क्स=१२८' सांगता येतं. मग न दाबलेल्या चित्रासाठी तो कॅमेऱ्याच्या मागणीवर विसंबत नाही. लांबी, रुंदी, वेग यांवरून जागेचा हिशेब स्वतः करतो. ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला, वेग ३० वरून १५ वर आणला. एका खिडकीत माझा चेहरा, शेजारच्या खिडकीत वहीवर फिरणारं माझंच पेन.