पेटींतील द्राक्षरसाची पांढरी वाइन

आपला माल बाजारांत गेल्यावर पुढें त्याचें काय होतें, हें द्राक्षबागाईतदारानें जाणून असावें असें आमचें मत आहे. खाण्याचें द्राक्ष व बेदाणा सर्वांस ठाऊक. परंतु रसाची वाइन कशी होते, याची माहिती थोड्यांसच असते. इंग्लंड, कॅनडा व अमेरिका या देशांत सामान्य गृहस्थही दुकानांतून पेटी आणून ती घरीं करतात. ती रीत येथें देतों. कारण कारखान्यांतील मुख्य क्रिया तींत लहान प्रमाणावर दिसून येतात.

पेटींत आटवलेला द्राक्षरस, सुकें यीस्ट आणि औषधांच्या लहान पुड्या असतात. एका पेटीपासून बहुधा 23 लिटर, म्हणजे सुमारें 30 बाटल्या माल होतो. प्रथम भांडीं धुऊन मेटाबायसल्फाइटच्या पाण्यानें निर्जंतुक करतात. ऊन पाण्यांत बेंटोनाइट माती कालवून तींत रस ओततात, पाणी घालून माप पुरें करतात व हायड्रोमीटरनें आकडा घेतात. तो 1.080 ते 1.090 च्या दरम्यान येतो. रस 20 ते 24 अंश सेल्सियस असतांना वर यीस्ट पसरतात. झांकणांत पाण्याची वांकडी नळी बसवितात. तींतून आंतील वायु निघून जातो, पण बाहेरची हवा शिरत नाहीं.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतें. लिटरांत सुमारें 17 ग्रॅम साखर असेल तर शेंकडा 1 अल्कोहोल होतें. आठवड्याच्या सुमारास आकडा 1.010 च्या खालीं आला म्हणजे गाळ मागें ठेवून रस नळीनें दुसऱ्या भांड्यांत घेतात. पुढें आकडा 0.996 किंवा त्याहून खालीं येऊन दोनतीन दिवस तेथेंच राहिला, कीं आंबणें संपलें असें समजतात. आकडा न पाहतां बूच मारलें, तर उरलेली साखर आंत आंबून बाटली फुटण्याचें भय असतें. नंतर मेटाबायसल्फाइट व सॉर्बेट घालून, ढवळून वायु काढून टाकतात आणि निवळल्यावर बाटल्या भरतात. सर्व मिळून चार ते सहा आठवडे लागतात. 1.085 पासून 0.995 पर्यंत आकडा उतरला, तर अल्कोहोल शेंकडा सुमारें 12 होतें.

पांढऱ्या वाइनसाठीं रस सालीपासून वेगळा काढून आंबवितात, तांबडीसाठीं सालीसकट. रंग बहुधा सालींतच असतो.

आपल्याकडे मात्र हा प्रयोग कोणीं करूं नये. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे; घरच्यापुरतें केलें, ही सबब चालत नाहीं.

मग बागाईतदारानें यांतून घ्यावें काय? अमेरिकेंत 1920 ते 1933 पर्यंत दारूबंदी होती. घरीं फळांचा रस करण्याची सवलत कायद्यांत असल्यामुळें कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांस मोठी मागणी आली. भाव चढले, जो तो वेली लावूं लागला, आणि थोड्याच वर्षांत माल उदंड होऊन भाव कोसळले. आपल्याकडेही 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक भागांत वाइनच्या जातींची लागवड वाढली. 2008 नंतर मागणी मंदावतांच कित्येकांस उभ्या बागा काढाव्या लागल्या. लहान मण्यांचें, बियांचें हें द्राक्ष खाण्याच्या बाजारांत चालत नाहीं. त्याचें गिऱ्हाईक कारखानाच.

म्हणून शॉव्हिन्यॉ वा शेनिन लावण्यापूर्वीं कारखान्याशीं लेखी करार करावा. दर, साखरेची किमान मर्यादा, ती मोजणार कोण, तोडणीची तारीख आणि पैशांची मुदत हीं पांच कलमें त्यांत स्पष्ट असावींत. साखर मोजण्याचें यंत्र स्वतःपाशीं ठेवावें. महसूल खात्यांत आयुष्य गेल्यावर आम्ही एवढें सांगूं शकतों कीं, तोंडचा शब्द कितीही गोड असला तरी दफ्तरांत त्याची नोंद होत नाहीं. वेल एकदां लावली म्हणजे ती वर्षांनुवर्षें उभी राहते. तिला आधार देणारा कागदही तितकाच पक्का हवा.