सागरी प्रवासाची कागदपत्रे आणि गावचे दप्तर

समुद्रात जाणाऱ्याजवळ परवान्याचा कागद असावा, हा दंडक कोकण किनाऱ्याला नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने अरबी समुद्रातील व्यापारी जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेणे भाग पाडले. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांनी या किनाऱ्यावर आपले दस्तक चालू केले. दस्तक जवळ नसलेले गलबत पकडले जाई. मुंबईकर इंग्रजांशी त्यांचा जो दीर्घकाळ तंटा चालला, त्याच्या कारणांत हाही एक प्रश्न होता. इंग्रज कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना सूट असली, तरी इंग्रजी निशाण लावून फिरणाऱ्या खासगी व देशी व्यापाऱ्यांच्या गलबतांना ती मिळावी काय? थोडक्यात, गलबत नेमके कोणाचे, हे कागदावरून ठरवावयाचे होते.

त्या काळी कागद जहाजाचा असे. आज तो जहाजाचा असतो, तसाच जहाजावरील प्रत्येक माणसाचाही असतो. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावरील गावांतून प्रवासी, पर्यटक, व्यापारी जहाजांवरील खलाशी आणि मच्छीमार असे चार प्रकारचे लोक समुद्रात जातात. प्रत्येकाला लागणारी कागदपत्रे निराळी असली, तरी त्या सर्वांचा पाया एकच आहे. तो पाया गावातील जन्मनोंदीच्या व शाळेच्या दप्तरात घातला जातो. म्हणूनच हा विषय ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व गावपातळीवरील अधिकारी यांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

जवळचा प्रवास आणि प्रवाशांची यादी

मुंबईहून मांडवा किंवा रेवस येथे लाँचने येणाऱ्या प्रवाशाला तिकिटापलीकडे कोणताही कागद लागत नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्यापासून वाहनासह येणेही सुलभ झाले आहे. हा प्रवास देशांतर्गत व अल्प अंतराचा असल्यामुळे पारपत्राचा प्रश्न येथे उद्भवत नाही. तथापि बोटीवर कोण व किती माणसे आहेत, याची नोंद असण्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अलिबाग परिसरातील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण आजही काढली जाते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी कोण वाचले, कोण बेपत्ता आहे आणि कोणाच्या घरी कळवावयाचे, हे प्रश्न तत्काळ उभे राहतात. बोटीवरील माणसांची नोंद नसेल, तर शोध कधी थांबवावा हेही सांगता येत नाही. शालेय सहली समुद्रमार्गे नेताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांची नावे, पालकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांची यादी एक प्रत आपल्याजवळ व एक शाळेत ठेवावी, ती याच कारणासाठी.

पर्यटन जहाजाचा प्रवास

मोठ्या पर्यटन जहाजांतून, म्हणजेच क्रूझमधून, प्रवास करण्याची ओढ आता मध्यमवर्गातही वाढीस लागली आहे. मुंबई बंदर हे या प्रवासाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. या प्रवासासाठी पारपत्र लागते काय, हे जहाज कोणत्या बंदरांना भेट देणार त्यावर अवलंबून असते.

मुंबई ते गोवा किंवा मुंबई ते कोची असा केवळ भारतीय बंदरांमधला प्रवास असेल, तर भारतीय नागरिकाला पारपत्राची आवश्यकता नसते. आधारपत्र, मतदार ओळखपत्र, वाहनचालक परवाना यांसारखे छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र त्यास पुरते. लहान मुलांसाठी जन्मदाखला अथवा शाळेचे ओळखपत्र मागितले जाते. लक्षद्वीप भारताचाच भाग असला, तरी तेथे जाण्यासाठी प्रवेशपरवाना आगाऊ घ्यावा लागतो.

जहाज परदेशी बंदराला लागणार असेल, तर मात्र सर्वच बदलते. १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार वैध पारपत्र किंवा प्रवासपत्र असल्याखेरीज कोणासही भारताबाहेर जाता येत नाही. प्रवाशाने एकदाही जहाजाबाहेर पाऊल टाकले नाही, तरी त्याला बंदरावर विमानतळाप्रमाणेच देशत्यागाची तपासणी करून घ्यावी लागते. जहाज ज्या देशांना भेट देणार, त्यांच्या व्हिसाविषयीचे नियम वेगवेगळे असतात. सिंगापूरसारख्या बंदरातून निघून पुन्हा तेथेच परतणाऱ्या प्रवासात त्या देशात दोनदा प्रवेश होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा वेळी एकाच प्रवेशाचा व्हिसा अपुरा ठरतो. पारपत्राची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी, अशी अटही पुष्कळ देश व जहाज कंपन्या घालतात. प्रौढ व्यक्तीचे पारपत्र दहा वर्षे चालते. अल्पवयीन मुलाचे पारपत्र सामान्यतः पाच वर्षे किंवा अठराव्या वर्षापर्यंत, यांतील जी मुदत आधी संपेल तितकीच चालते.

खलाशाचे दप्तर

पर्यटकाची कागदपत्रे अपुरी असली, तर त्याची सहल चुकते. खलाशाची अपुरी असली, तर त्याची नोकरी जाते. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, अलिबाग, उरण या भागांतील अनेक कुटुंबांचा निर्वाह पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवरील नोकरीवर चालत आला आहे. न्हावा येथील ‘टी. एस. रहमान’ ही खलाशांच्या प्रशिक्षणाची जुनी संस्था याच जिल्ह्यात आहे.

व्यापारी जहाजावर नोकरी करू इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम मान्यताप्राप्त संस्थेत सुरक्षाविषयक मूलभूत प्रशिक्षण घ्यावयाचे असते. त्याचे नाव खलाशांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल होऊन त्यास एक कायम क्रमांक मिळतो. त्यानंतर नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीतील शिपिंग मास्टर त्यास सी.डी.सी. पुस्तिका देतात. खलाशी कोणत्या जहाजावर केव्हा चढला व केव्हा उतरला, याची सलग नोंद या पुस्तिकेत होत असते. किनाऱ्यावर तिला ‘सीडीसी’ याच नावाने सारे ओळखतात.

याशिवाय खलाशाचे जैवमितीय ओळखपत्र हा तिसरा कागद आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००३ साली खलाशांच्या ओळखपत्राविषयीचा १८५ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने २०१५ साली त्यास मान्यता दिली आणि २०१९ साली चेहऱ्याच्या जैवमितीय माहितीवर आधारित ओळखपत्र देण्यास प्रारंभ केला. महिनोन्‌महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशाला परक्या बंदरात काही तास जमिनीवर उतरता यावे, हा या कराराचा एक मुख्य हेतू आहे. हे ओळखपत्र पारपत्राची जागा घेत नाही. दोन्ही जवळ असावी लागतात आणि दोन्हींवरील नाव, जन्मदिनांक व जन्मस्थळ तंतोतंत जुळावे लागते.

येथेच दहावीच्या परीक्षेचा संबंध येतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः स्थलांतर-तपासणी आवश्यक असल्याची नोंद होते आणि आखाती देशांसह काही ठराविक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी तिला १९८३ च्या स्थलांतर अधिनियमाखाली मंजुरी घ्यावी लागते. सीडीसीधारक खलाशांना या तपासणीतून सूट आहे. ही तरतूद फसवणुकीपासून संरक्षण देण्यासाठी असली, तरी दहावीचे प्रमाणपत्र हाती असणे तरुणाच्या किती उपयोगी पडते, हे यावरून स्पष्ट होते.

मच्छीमाराची ओळख

फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरविण्यात आली आणि १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी आलेल्या अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका समुद्रात बळकावली होती. समुद्रात दिसणारी नौका ओळखीची असली, तरी तिच्यावरील माणसे कोण आहेत हे पाहण्याची गरज या घटनांनी दाखवून दिली. त्यानंतर २००९ साली केंद्र शासनाने सागरी मच्छीमारांना जैवमितीय ओळखपत्रे देण्याची योजना हाती घेतली.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वर येथे एक बेवारस नौका किनाऱ्याला लागली. तीत तीन एके-४७ बंदुका व काडतुसे सापडल्याने जिल्हाभर घबराट पसरली. परंतु ‘लेडी हान’ असे नाव असलेली ही नौका ऑस्ट्रेलियन मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना तिचे इंजिन बंद पडले, तिच्यावरील माणसांची जून महिन्यातच एका कोरियन युद्धनौकेने सुटका केली आणि नौका वाहत येथवर आली, असा खुलासा त्याच दिवशी राज्य विधिमंडळात करण्यात आला. नौकेच्या ओळखीचा माग लागला, म्हणूनच एका दिवसात भीतीचे निरसन होऊ शकले.

मासेमारी नौकेवर नोंदणीचे प्रमाणपत्र, मासेमारी परवाना, विम्याची कागदपत्रे आणि तांडेलासह प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र असावे. नौकेवर नोंदणी क्रमांक ठळक व न पुसणारा लिहिलेला असावा. परराज्यांतून आलेले आणि नेपाळी खलाशी आता अनेक नौकांवर काम करतात. त्यांना हंगामाच्या आरंभी कामावर घेतानाच नाखव्याने त्यांची ओळखपत्रे पाहून नोंद करून ठेवणे हिताचे आहे.

ही काळजी केवळ तपासणीसाठी नव्हे. पालघर जिल्ह्यातील मच्छीमार गुजरातमधील नौकांवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांच्यापैकी काहींना पाकिस्तानात कैद भोगावी लागली आहे. भारत व पाकिस्तान यांच्यातील २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या देतात. सुटकेपूर्वी कैद्याचे राष्ट्रीयत्व सिद्ध व्हावे लागते. त्यासाठीची चौकशी अखेर त्याच्या गावापर्यंत येते. आधारपत्र हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. त्यामुळे अशा वेळी जन्माची व शाळेची नोंद मोलाची ठरते. ती नोंद सदोष असेल, तर तेथे माणसाचा एकेक महिना तुरुंगात जातो.

पाया गावात

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली झाला. त्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे द्यावयाची असते. ग्रामीण भागात हे काम ग्रामपंचायतीमार्फत चालते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून आणि एका वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने नोंद होऊ शकते. त्यानंतर मात्र दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ सालच्या दुरुस्तीने या नोंदीचे महत्त्व फारच वाढविले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत पारपत्रासाठी जन्मदिनांकाचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला व अन्य काही कागद चालतात. आज ज्या बालकाची नोंद राहून जाईल, ते अठरा वर्षांनी खलाशी होऊ पाहील तेव्हा त्याची वाट तेथेच अडेल.

नोंद झाली तरी ती अचूक असणे आवश्यक असते. नेहमी आढळणारे दोष ठराविक आहेत. जन्मनोंदीत ‘महादेव’ असलेला मुलगा शाळेत ‘महादू’ होतो. कोणी कुळाचे आडनाव लावतो, तर त्याचाच भाऊ गावावरून पडलेले ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव लावतो. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण, तर दुसऱ्यावर केवळ आद्याक्षराने लिहिलेले असते. शाळेत घालताना सोयीसाठी जन्मदिनांक १ जून धरला जातो. देवनागरीत एकच असलेले नाव रोमन लिपीत एका दाखल्यावर एका तऱ्हेने व दुसऱ्यावर निराळ्या तऱ्हेने लिहिले जाते. गावात अशा भेदांनी काही अडत नाही, कारण तेथे सारे त्या मुलास ओळखतात. परदेशच्या बंदरातील अधिकारी त्यास ओळखत नसतो आणि त्याच्यासमोर असतो तो केवळ कागद.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. बाळाचे नाव ठरताच ते जन्मनोंदीत भरून घेण्याची आठवण ग्रामपंचायतीने पालकांना द्यावी. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शिक्षकांनी मूळ जन्मदाखला पाहूनच जनरल रजिस्टरमध्ये नाव व दिनांक लिहावा. नववीत, दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी, प्रत्येक विद्यार्थ्याचा जन्मदाखला, शाळेची नोंद व आधारपत्र ही तिन्ही समोर ठेवून पालकांच्या उपस्थितीत एकदा पडताळणी करावी. रोमन लिपीतील नाव त्याच वेळी कायमचे ठरवावे. विद्यार्थी शाळेत असेतो दुरुस्ती सुकर असते. तो शाळा सोडून गेल्यावर ती पुष्कळ कठीण होते. मोठेपणी नाव बदलावयाचे झाल्यास शासन राजपत्रात तशी जाहिरात देऊन त्यानुसार इतर कागद बदलून घ्यावेत. सीडीसीसाठी अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात हे काम होत नाही.

पारपत्र दिल्लीचे असते, सीडीसी मुंबईच्या कार्यालयातून मिळते आणि व्हिसा परदेशी सरकार देते. परंतु या सर्व कागदांवर जे नाव व जो दिनांक उतरतो, तो प्रथम गावातील निबंधकाच्या वा शिक्षकाच्या हातून लिहिला गेलेला असतो. रायगड किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने ही एक ओळ काळजीपूर्वक लिहिली, तर समुद्रावर जाणाऱ्या येथील मुलांना पुढे कार्यालयांचे हेलपाटे घालावे लागणार नाहीत.