केसपेपरवर हवी एक ओळ

ओपीडी उघडायच्या आधी सिस्टर फ्रिजपाशी जातात. घरच्या फ्रिजसारखा हा समोरून उघडत नाही. झाकण वर उचलायचं आणि आत वाकून बघायचं. दवाखान्यात याला सगळे आयएलआर म्हणतात. आतल्या भिंतींना बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे वीज गेली तरी आतला गारवा बराच वेळ टिकतो. पावसाळ्यात वेदगंगेकाठच्या या भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हेच अस्तर लसी सांभाळतं. लसींच्या मधोमध ठेवलेला थर्मामीटर सिस्टर वाचतात, बाहेर लावलेल्या तक्त्यावर आकडा लिहितात, सही करतात. संध्याकाळी पुन्हा तेच. सुट्टी असो, सण असो, पारा २ ते ८ अंशांच्या मध्येच पाहिजे.

मुरगूडच्या सरकारी दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात मी काही सकाळी लसीकरणाचं काम बघत बसलो होतो. यमगे, शिंदेवाडी, निढोरी, कुरणी अशा गावांहून माणसं येतात, केसपेपर काढतात, बाकावर बसतात. मला एकच गोष्ट बघायची होती. दवाखान्यात आलेल्या माणसाला लस लागते हे कोण ठरवतं, कसं ठरवतं, आणि कुणाच्या बाबतीत ते ठरवायचं राहून जातं.

लसीला उष्णतेचं भय असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोठण्याचं भय मात्र फार थोड्यांना माहीत असतं. पोलिओ, बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस उष्णतेनं लवकर खराब होते. हिपॅटायटिस बी, पेंटा, टीडी या लसी एकदा गोठल्या की कामातून गेल्या. नंतर त्या पुन्हा पातळ झाल्या तरी उपयोग नाही. शंका आली की सिस्टर ती कुपी आणि मुद्दाम गोठवलेली दुसरी कुपी एकत्र हलवतात आणि टेबलावर ठेवतात. गोठवलेल्या कुपीतला गाळ भराभर तळाला बसतो. शंकेची कुपीही तितक्याच वेगानं निवळली तर ती फेकायची. उष्णतेसाठी कुपीवरच खूण असते. जांभळ्या गोलात एक फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाला आला की कुपी बाद. रुग्णाच्या दंडापर्यंत सुई पोचण्याआधी इतकी राखण झालेली असते, आणि ती करणाऱ्या बाईंना त्याबद्दल कुणी कधी विचारत नाही.

प्रसूतीच्या वॉर्डात काम ठरल्या चाकोरीनं चालतं. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीचा पहिला डोस, पोलिओचे दोन थेंब आणि डाव्या दंडावर बीसीजी. त्या दिवशी एका बाळाची आजी सिस्टरांना अडवत होती.

"आवो बाई, काल राती जल्मलंय, आनी आज लगीच सुई? जरा अंग धरू द्या की त्येला."

"आज्जी, ह्या सुईला उशीर चालत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आईच्या रक्तातनं कावीळ बाळाला आली तर ती जन्मभर राहते. आजच्या आज दिली तर वाचतं."

सिस्टरांनी एका वाक्यात सांगितलं त्यामागचं शास्त्र असं. हिपॅटायटिस बीचा विषाणू मोठ्या माणसाच्या शरीरात शिरला तर बहुतेकांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. तोच जन्माच्या वेळी शिरला तर दहातल्या नऊ बाळांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम करतो, आणि पुढं यकृत आकसण्याचा किंवा कर्करोगाचा धोका राहतो. म्हणून इथं तासांचा हिशेब. आजीनं मग स्वतःच बाळाचा पाय धरला. मांडीत सुई गेली, बाळ रडलं, गप्प झालं. बीसीजीची सुई मात्र कातडीच्या आत, अगदी वरच्यावर सरकवायची असते. ती बरोबर गेली तर तूरडाळीएवढा पांढरा फुगा येतो. तो आला नाही तर सुई खोल गेली असं समजायचं. सिस्टर आईला बजावतात, "काही आठवड्यांनी इथं फोड येईल, पिकेल. हळद, तेल, काही लावायचं नाही. आपोआप खपली धरेल." मग कार्डावर तारीख, पुढच्या डोसची तारीख, आणि अर्धा तास तिथंच थांबायचं. बाळाचं कुठलंच इंजेक्शन कुणाच्या आठवणीवर सोडलेलं नाही. सगळं कागदावर आहे, आणि ते बघणारं माणूस ठरलेलं आहे. भारतात माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात २०१५ मध्ये संपुष्टात आला असं जाहीर झालं, ते अशाच कागदांच्या आणि गरोदर बायकांच्या दंडावर दिलेल्या सुयांच्या जोरावर.

इंजेक्शन रूमच्या दारात दुसऱ्या तऱ्हेची माणसं उभी असतात. वैरण कापताना विळा लागलेला एक शेतकरी पायाला फडकं बांधून आला होता. जखम धुताना सिस्टरांनी विचारलं, "मामा, मागचं धनुर्वाताचं इंजेक्शन कवा घेतलं हुतं?"

"काय ठावं न्हाई बाई. साळंत आस्ताना कवातरी आसंल."

कागद नाही, आठवण नाही. मग घेतलंच नाही असं धरून चालायचं. मातीची, शेणाची जखम असेल तर धनुर्वाताचा जंतू तिच्यात असणार हेही धरूनच चालायचं. टीडीचं इंजेक्शन दिलं गेलं. लोक अजून त्याला टीटीच म्हणतात, पण काही वर्षांपासून सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या या लसीत धनुर्वाताबरोबर घटसर्पही असतो. पुढचा डोस कधी घ्यायचा ते सिस्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

त्या शेतकऱ्याच्या पाठोपाठ कुत्रं चावलेला एक मुलगा आला, आईचा हात धरून. पोटरीवर दातांच्या खुणा, आणि त्यावर मिरचीची पूड भरलेली. सिस्टरांनी आधी नळ सोडला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची, हा रेबीजवरचा पहिला आणि फार मोठा उपचार आहे. लाळेतला विषाणू जखमेतच धुतला जातो. मिरची, चुना, हळद यांनी जखम चिघळते आणि विषाणू आत राहतो. मुलाला रडू आलं होतं ते पोटात चौदा सुया घेण्याच्या भीतीनं. त्या सुया त्याच्या आजोबांच्या काळातल्या. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी तयार केली होती, आणि भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आता दोन्ही दंडांवर कातडीत ०.१ मिलीची एकेक सुई. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेलं असेल तर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन भरावं लागतं, कारण लसीनं शरीर तयार व्हायला दिवस लागतात आणि तोवर विषाणूला जागच्या जागी रोखणारं काहीतरी हवं. जखम मोठी, तोंडाजवळची असली तर कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयाची वाट धरावी लागते.

रेबीजच्या लसीत खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर येते. जखम बरी झालेली असते, कुत्रं गल्लीत फिरताना दिसत असतं, आणि दवाखान्यात यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. सिस्टरांनी मुलाच्या आईला तारखा ठळक लिहून दिल्या, आणि त्यातली शेवटची बाजाराच्या दिवशी येते हे मुद्दाम सांगितलं. "बाजाराला येताच की, येताना ह्याला घेऊनच या." लस टोचण्याइतकंच हे बोलणंही त्यांच्या कामाचा भाग आहे.

यानंतर मी वॉर्डात गेलो, आणि तिथं मला प्रश्न पडला. खाटांवर बहुतेक म्हातारी माणसं होती. धाप लागलेली, साखर वाढलेली, छातीत कफ भरलेली. डॉक्टर, सिस्टर मनापासून काम करत होते. साखर तपासली, बीपी घेतला, तंबाखूचं विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का ते विचारलं. पण यातल्या कुणालाही, तुम्ही आजवर कुठली लस घेतली, हा प्रश्न विचारला गेला नाही. हा डॉक्टर-सिस्टरांचा दोष म्हणता येणार नाही. मोठ्या माणसांच्या केसपेपरवर, मी जितके पाहिले तितक्यांवर, या प्रश्नाला जागाच नाही. माझ्या मावशीला एका खासगी इस्पितळात न्यूमोनियासाठी पुन्हा पुन्हा दाखल करावं लागलं. तिची फाईल जाडजूड झाली होती, आणि न्यूमोनियाची लस असते हे त्या फाईलमध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं.

वॉर्डातल्या एका आजीच्या दंडावर देवी काढल्याचा गोल वण होता. त्यांच्या पिढीच्या बहुतेकांच्या अंगावर तो आहे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा सरकारी माणूस घरोघरी येऊन देवी काढत होता. त्यानंतर या पिढीला लसीसाठी कुणी शोधत आलं ते थेट कोविडात. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन लस द्यायला केंद्रानं त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मान्यता दिली. मधल्या चाळीसेक वर्षांत हे लोक म्हातारे झाले, त्यांच्यासाठी नव्या लसी आल्या, आणि त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत.

या वयाला कोणत्या लसी उपयोगी पडतात? दरवर्षीची फ्लूची लस, न्यूमोकोकसची लस आणि धनुर्वाताचा वेळोवेळी डोस. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर करतो, म्हणून ती लस पावसाआधी घ्यावी. स्वाईन फ्लूच्या साथींनंतर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये गरोदर बायका आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. पाऊल योग्य होतं. पण लस ठेवलेली असणं वेगळं आणि समोरच्या रुग्णाला तिच्याबद्दल विचारलं जाणं वेगळं.

विचारण्यानं काय होतं याचं उदाहरण डायलिसिसच्या खोलीत दिसतं. तिथं रुग्ण मशीनला लावण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी व्हावीच लागते, आणि तो असलेल्यांसाठी मशीन वेगळं ठेवतात. ज्यांना तो नाही त्यांना लस सुचवली जाते, नेहमीच्या दुप्पट मात्रेत, चार डोसांत. किडनीच्या रुग्णांत लस कमी लागू पडते. म्हणून डायलिसिस सुरू होण्याआधीच, किडनी थोडंफार काम करत असताना, ती दिली तर अधिक चांगली. प्लीहा काढायची असेल तरी शक्यतो दोन आठवडे आधी लसी द्याव्या लागतात. या दोन्ही ठिकाणी लसीचा प्रश्न उपचाराच्या यादीत बसलेला आहे, म्हणून तो सहसा चुकत नाही.

मग लसीची सक्तीच करावी, असं कुणी म्हणेल. आपल्या देशाला सक्तीचा अनुभव जुना आहे. १८८० च्या लसीकरण कायद्यानं ब्रिटिश मुलखातल्या काही शहरांत मुलांना देवी काढणं बंधनकारक केलं होतं. कोविडात लस न घेतलेल्यांवर निर्बंध आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २०२२ च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या हक्काचा भाग आहे. मला हे मनापासून पटतं. धाप लागलेल्या म्हाताऱ्याला लसीच्या दाखल्यासाठी दारातून परत पाठवणारा दवाखाना मला नको.

सक्तीशिवायही एक वाट आहे. अमेरिकेतल्या वृद्धांच्या नर्सिंग होमसाठी २००५ पासून एक नियम आहे. तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस देऊ करायची, तिचे फायदे आणि दुष्परिणाम समजावून सांगायचे, आणि त्यानं घेतली की नाकारली हे त्याच्या कागदावर लिहायचं. बंधन रुग्णावर नाही, संस्थेवर आहे. आपल्याकडे म्हातारी माणसं बहुतेक घरीच असतात, नर्सिंग होमात नाहीत. त्यामुळे त्यांच्या लसीचा विचार होईल अशी जागा एकच उरते, ते दाखल होतात तो दवाखाना आणि घरी परतताना हातात पडणारं डिस्चार्ज कार्ड.

म्हणून साठीपुढच्या, मधुमेहाच्या, किडनीच्या, दम्याच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ छापली जावी. लस: घेतली, द्यायची आहे, नको म्हणाले. डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी तिच्यावर खूण करावी. 'द्यायची आहे' असेल तर डिस्चार्ज कार्डावर तारीख पडावी आणि गावातल्या आशाताईंना ती कळावी. 'नको' असेल तर तेही आदरानं लिहावं, कारण नको म्हणायचा हक्क बजावायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. ज्या सिस्टरांना एका बाळाचे २४ तास सांभाळता येतात आणि कुत्रं चावलेल्या पोराचा अठ्ठाविसावा दिवस बाजाराशी जोडून देता येतो, त्यांना ही एक ओळ भरणं अवघड जाणार नाही. त्यासाठी नव्या इमारतीची, नव्या यंत्राची गरज नाही. केसपेपरचा नमुना ठरवणाऱ्यांनी तेवढी जागा सोडली की पुरे.