कोड, कुष्ठ आणि जांभळा दिवा

रॉबर्ट विल्यम्स वुड हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ. त्वचारोगांशी त्याचा संबंध नव्हता. दिसणारा उजेड अडवून अतिनील किरण तेवढे पुढे सोडणारी काच त्याने १९०३ साली तयार केली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ती गुप्त इशाऱ्यांसाठी सुचवली. १९२५ मध्ये मार्गारो आणि दवेझ या फ्रेंच डॉक्टरांनी ती काच बसवलेल्या दिव्याच्या उजेडात डोक्यातला नायटा पाहिला, तेव्हा बुरशी लागलेले केस हिरवे चमकले. युरोपातल्या शाळांतून नायट्याची मुले हुडकायला दिवा कामी आला. आपल्याकडे मात्र डोक्यातल्या नायट्यामागे बहुधा ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम ही बुरशी असते, आणि ती या उजेडात चमकत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर फोफावलेला, औषधांना दाद न देणारा गजकर्णही तसाच निमूट. म्हणजे ज्या कामाने दिवा नावारूपाला आला, ते काम इथे त्याला फारसे जमलेच नाही. तरीही तो अडगळीत गेला नाही, कारण इथला प्रश्न वेगळा होता: पांढरा डाग नेमका कशाचा?

या प्रश्नाची गुंतागुंत भाषेतच आहे. मराठीतला ‘कोड’ आणि हिंदीतला ‘कोढ़’ दोन्ही ‘कुष्ठ’ या शब्दाचीच अपत्ये. पण मराठीत कोड म्हणजे रंगद्रव्य गेलेली, संसर्ग न पसरवणारी त्वचा, तर हिंदीत कोढ़ म्हणजे महारोग. उरणजवळच्या द्रोणागिरीसारख्या वस्तीत, जिथे आगरी-कोळी गावांशेजारी बंदर आणि कंटेनर यार्डांच्या निमित्ताने उत्तरेतले कामगार राहतात, तिथे एकच शब्द दोन घरांत दोन रोग सांगू शकतो. शिवाय इथून फार लांब नसलेल्या नेरे गावातले शांतीवन कुष्ठरुग्णांसाठीच उभे राहिले. महारोगाची भीती या भागाला ऐकीव नाही. दिवा हा गुंता असा सोडवतो: त्वचेतले रंगद्रव्य, मेलॅनिन, अतिनील किरण शोषते. कोडात ते नसते, म्हणून किरण खोलवर जातात, तिथले कोलॅजन उजळते आणि डाग खडूसारखा निळसर-पांढरा, काठ कोरल्यासारखा दिसतो. कुष्ठाच्या चट्ट्यात रंग कमी होतो, पण पुरता जात नाही. चट्टा फिकाच राहतो. शिबे असतील तर बहुधा पिवळसर झाक येते.

सावळ्या कातडीवर कोड डोळ्यांनीच दिसते, मग दिव्याची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. पूर्ण पांढरा झालेल्या डागापुरता तो रास्त आहे. अडचण असते ती नुकत्याच फिकटू लागलेल्या डागाची, आणि घरात सर्वांत जास्त धास्ती असते तीही त्याचीच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: दिव्यावर विसंबून कुष्ठ सुटून जाईल. भारताने २००५ अखेर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला. रोग संपला नाही, ओळखणाऱ्यांची सवय मात्र सुटत गेली. म्हणून मला वाटते, दिव्याने ‘हे कोड’ म्हणावे, ‘हे कुष्ठ नाही’ एवढे स्वतःच्या बळावर कधीही म्हणू नये. खडूपांढरा न दिसलेला प्रत्येक चट्टा कापसाच्या बोळ्याने स्पर्श तपासण्यासाठी आणि नसा चाचपण्यासाठी राखून ठेवावा. त्वचा मोठी करून दाखवणारा डर्मोस्कोप आला तरी हा नियम बदलत नाही. संवेदना भिंगातून दिसत नाही.

दिव्याला फसवणेही सोपे असते. खोली पुरती अंधारी नसली, दिवा मिनिटभर तापू दिला नाही, तर रंग खोटे बोलतात. दुकानातून आणलेल्या सॅलिसिलिक आम्लाच्या मलमाने त्वचा हिरवट, व्हॅसलिनने निळसर दिसते. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचाही फिका निळा उजेड अंगावर पडतो. काखेत-जांघेत नायट्यासारखा दिसणारा एरिथ्रास्मा खरे तर जिवाणूंचा. तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. पण ती लाली ज्या पोर्फिरिनमुळे येते ते पाण्याने धुऊन जाते, आणि आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरांकडे जाताना हटकून आंघोळ करूनच निघतो.