तैलरंगातील वस्तुचित्र : पाहण्याचा अभ्यास



वस्तुचित्र हा चित्रकलेतील दुय्यम प्रकार होय, असा समज फार जुना आहे. फ्रान्समध्ये १६६७ साली आंद्रे फेलिबिएँ यांनी चित्रविषयांची जी श्रेणी लावली, तीत इतिहास व पुराणकथा शिखरावर आणि फळे, फुले, भांडी तळाशी होती. तेथील राजकीय कला-अकादमीने १७२८ साली शार्दँ यांना सदस्यत्व दिले, तेही प्राणी व फळे रंगविणारे चित्रकार म्हणून. तांब्याची भांडी, मासे, कांदे एवढ्याच सामग्रीवर त्यांनी उभारलेली चित्रे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आदराने पाहिली जातात. विषय सामान्य असला म्हणून पाहणे सामान्य ठरत नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांमुळे आपल्यापैकी अनेकांचा या प्रकाराशी परिचय झालेला आहे. तैलरंगात तो कसा साधतो, याचा क्रम येथे मांडतो.

मांडणीसाठी तीन वस्तू पुरेत : तांब्याची कळशी, चिनी मातीची बरणी आणि एक लिंबू; मागे साधे कापड. प्रकाश एकाच बाजूने यावा. दोन खिडक्यांचा उजेड पडला, की सावल्या परस्परांना छेदतात आणि आकाराची गोलाई हरवते. उत्तरेकडील खिडकीतून थेट ऊन येत नाही, म्हणून तेथील उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. नाशवंत वस्तू आधी रंगवावी. कळशी आठवडाभर तशीच राहील, लिंबू राहणार नाही.

रेखाटन झाल्यावर लगेच रंगांकडे वळू नये. डोळे अर्धवट मिटून पाहावे. तपशील नाहीसा होतो आणि उजेड व अंधार यांचे मोठे भाग तेवढे उरतात. हे भाग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात प्रथम बसवावेत. येथे चूक राहिली, तर पुढील सुंदर रंगही ती झाकू शकत नाहीत.

तैलरंगाचा एक नियम मात्र रसायनशास्त्राने घालून दिलेला आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि या क्रियेला महिने लागतात. म्हणून खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा असावा. उलट केल्यास वरचा थर आधी कडक होतो, खालचा हालत राहतो आणि चित्राला तडे जातात. याच प्राणवायूच्या क्रियेत उष्णताही निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. चित्रशाळेत त्या पसरून वाळवाव्यात, अथवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

आता रंगांचा विचार. सावली म्हणजे काळा रंग नव्हे. लिंबाच्या सावलीकडील कडेवर शेजारच्या कळशीचा तांबूस उजेड पडतो, आणि तो टिपला नाही तर लिंबू कापून चिकटविल्यासारखे दिसते. झळाळीच्या ठिपक्याचेही असेच आहे. बरणीवरील झळाळी खिडकीच्या उजेडाचाच रंग दाखवते. कळशीवरील झळाळीत मात्र तांब्याचा रंग मिसळलेला असतो, कारण धातू परावर्तित प्रकाशालाच रंग देतो. दोन्ही ठिकाणी एकच शुभ्र ठिपका दिला, तर कळशी धातूची न वाटता रंगविलेल्या मडक्यासारखी वाटते. शेवटी कडा : डोळा जेथे थांबावा तेथे त्या स्पष्ट, इतरत्र मृदू ठेवाव्यात. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारणतः सहा महिने ते वर्षानंतर, व्हार्निश द्यावे.

हे सारे छायाचित्रावरून का करू नये, असे कोणी विचारील. कॅमेरा एका क्षणी प्रकाशाचे एकच माप घेतो. त्यात पुष्कळदा गडद भाग काळेच होतात, किंवा उजळ भाग पांढरेफटक. डोळा मात्र सावलीत शिरून तेथील रंग शोधतो, आणि हात तेवढ्या अवधीत निर्णय घेत राहतो. हा शोध दुसऱ्याने करून ठेवलेला असला, की विद्यार्थ्याला केवळ नक्कल उरते.

आपल्या इंदुरात द. दा. देवळालीकर यांनी १९२७ साली कलाविद्यालय सुरू केले. ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन तेथे शिकले व पुढे दोघेही वास्तवदर्शी चित्रणापासून फार दूर गेले. प्रत्येक विद्यार्थ्याने चित्रकार व्हावे, असा आग्रह नाही. परंतु वेळापत्रकात जागा कमी पडली, की पहिला गदा चित्रकलेच्या तासावर येतो. त्या तासाबरोबर, समोर जे आहे ते ठरीव कल्पना बाजूला सारून पाहण्याची सवयही जाते. वैद्यकात, न्यायदानात, प्रयोगशाळेत हीच सवय लागते. पालक व शिक्षकांनी तो तास राखावा, एवढीच विनंती.