कागदाच्या घडीतील भूमिती

भूमिती शिकण्यासाठी कंपास आणि कोनमापक यांची गरज असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु केवळ चौरस कागदाच्या घड्या घालूनही भूमितीची अनेक तत्त्वे समजून घेता येतात. तंडलम सुंदर राव या दक्षिण भारतीय गणितप्रेमी अधिकाऱ्याने १८९३ साली मद्रास येथे याच विषयावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या बालवाडीतील घडीकामावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्या ग्रंथाची दखल घेतली आणि १९०१ साली त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली.

घडीकामाच्या कलेला जपानी भाषेत ओरिगामी म्हणतात. एकाच कागदाऐवजी अनेक सारखे घटक घडून ते परस्परांत गुंफले, की घनाकृती तयार होतात. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा घटक यासाठी सर्वत्र वापरला जातो.

हा घटक करणे सोपे आहे. चौरस कागदाच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेवर आणाव्यात. तयार झालेल्या आयताची एक आखूड बाजू खालच्या लांब बाजूवर व दुसरी वरच्या लांब बाजूवर दुमडावी आणि ती टोके समोरच्या पदराखाली खोचावीत. आता समांतरभुज चौकोन मिळतो. तो उलटा करून त्याची दोन्ही अणकुचीदार टोके लांब बाजूच्या दुसऱ्या टोकावर दुमडली, की मध्ये चौरस राहतो. दुमडलेली टोके म्हणजे जिभा, आणि चौरसावरील फटी म्हणजे खिसे. एका घटकाची जीभ दुसऱ्याच्या खिशात जाते. डिंक लागत नाही. मात्र सर्व घटकांच्या घड्या एकाच दिशेच्या हव्यात. एकही घटक उलट्या दिशेने घडला, तर जोडणी अडते.

किती घटक लागतील, हे आधीच मोजता येते. तीन घटक एकत्र आले, की एक त्रिकोणी पिरॅमिड उभा राहतो, आणि प्रत्येक घटक दोन पिरॅमिडांत विभागलेला असतो. म्हणून पिरॅमिडांच्या संख्येला तीनने गुणून दोनने भागावे. चार पिरॅमिडांसाठी सहा घटक लागतात व त्यांतून घन बनतो. आठ पिरॅमिडांसाठी बारा, तर वीस पिरॅमिडांसाठी तीस घटक लागतात; या दोन्ही आकृती चांदणीसारख्या टोकदार दिसतात.

येथे सूत्र पाठ करावे लागत नाही. हातातील वस्तूच त्याची साक्ष देते. शाळा मध्येच सुटलेल्या माणसाला गणिताची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण जुन्या वहीचे पान चौरस कापून घडी घालणाऱ्या हातांना काटकोन, कर्ण व समान भाग आपोआप ओळखीचे होतात. ज्ञानाचा हा मार्ग महागड्या साधनांवर अवलंबून नाही. त्यासाठी हवे असते ते नेमकेपण आणि थोडा धीर.