चष्मा पुसणारा हेर

आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढली. झुंजार आणि काळापहाड ही मंडळी आम्हांला शाळेतल्या मास्तरांपेक्षा जवळची वाटत. हेर म्हटला की तो उंचापुरा, देखणा आणि पिस्तूल चालवण्यात तरबेज असलाच पाहिजे, हा आमचा समज. पुढे जेम्स बाँडने तो पक्काच करून टाकला.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात जॉन ल कारे यांचे ‘कॉल फॉर द डेड’ (१९६१) हाती घेतले, तेव्हा पहिल्याच पानांत मी थबकलो. नायक जॉर्ज स्मायली बुटका, गुबगुबीत, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. कपड्यांवर पैसे भरपूर खर्च करतो, पण ते अंगावर मात्र दुसऱ्याचे मागून आणल्यासारखे! बायको सुंदर आणि खानदानी; ती मोटारींच्या शर्यतीतल्या एका गड्याबरोबर निघूनही गेलेली. अडचणीत सापडला की हा गृहस्थ नेकटायच्या रुंद टोकाने चष्मा पुसत बसतो. असला कसला हेर?

पुस्तक मिटणार होतो, तेवढ्यात एक साधा प्रश्न आडवा आला. ज्याने रात्री आत्महत्या केली म्हणतात, त्याने ‘सकाळी साडेआठला मला फोन करून उठवा’ असे टेलिफोन एक्स्चेंजला का सांगून ठेवावे? त्या एका प्रश्नाने मी अडकलो तो नऊ पुस्तके संपेपर्यंत. स्मायली कुठे मुख्य, कुठे पाहुण्यासारखा डोकावणारा, पण नऊही पुस्तकांत आहे.

लेखकाचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल (१९३१–२०२०). ब्रिटिश गुप्तहेर खात्यात त्यांनी स्वतः नोकरी केली. खात्यातल्या माणसाला खऱ्या नावाने कादंबऱ्या छापता येत नसत, म्हणून हे टोपणनाव. वडील पक्के ठकसेन, आणि आई मुलगा पाच वर्षांचा असताना घर सोडून गेलेली. विश्वासघात हा विषय त्यांना घरातच मिळाला म्हणायचा!

दुसरे पुस्तक इंग्लंडमधल्या एका प्रतिष्ठित शाळेतल्या खुनाचे. हेरगिरीशी त्याचा संबंध नाही, नाही वाचले तरी चालेल. तिसरे, ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३), मात्र बर्लिनच्या भिंतीवरचे आणि चटका लावणारे. त्याने लेखकाला जगभर नाव मिळवून दिले आणि नोकरी सुटली. चौथ्यात युद्धाच्या आठवणींवर जगणारे एक खाते जुनाट वायरलेस देऊन एका माणसाला पूर्व जर्मनीत धाडते. इतके उदास पुस्तक मी क्वचितच वाचले असेल.

खरी मेजवानी पाचव्यात, ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) मध्ये. खात्याच्या वरच्या चार-पाच माणसांपैकी एक रशियाचा हस्तक आहे. तो कोण, हे निवृत्त केलेल्या स्मायलीने जुन्या फायली वाचून शोधायचे. यामागे खरी हकीकत आहे. ब्रिटिश खात्यातला बडा अधिकारी किम फिल्बी १९६३ साली बैरुतहून पळून मॉस्कोला गेला. हा फिल्बी जन्मला आपल्या अंबाल्याला, १९१२ साली. बाप इथे सनदी नोकर होता आणि ‘किम’ हे लाडके नाव किपलिंगच्या कादंबरीतले.

या पुस्तकात नावे इतकी, की मी वाण्याच्या बिलामागे यादी करून ठेवली होती. सौभाग्यवतींनी ती वाचून विचारले, “हा कंट्रोल कोण? आणि रेशनशी त्याचा काय संबंध?” हे खात्याच्या जुन्या साहेबाचे टोपणनाव आहे, हे समजावता समजावता त्याही वाचायला लागल्या.

कादंबरीतल्या हस्तकाचे नाव मी सांगणार नाही. पण एका लायटरबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५५ च्या सुमारास स्मायली दिल्लीच्या तुरुंगात एका रशियन हेराला भेटतो. ‘मॉस्कोला परत जाऊ नकोस, तिथे तुला गोळी घालतील,’ असे तो परोपरीने विनवतो. समोरचा अवाक्षर बोलत नाही. उकाड्याने हैराण झालेला स्मायली त्याच्या बायकोविषयी बोलता बोलता मनातून आपल्याच बायकोविषयी बोलून जातो आणि आपले मर्म उघडे करतो. बायकोने प्रेमाने दिलेला, तिचे नाव कोरलेला लायटर त्या माणसापाशी राहतो. तो माणूस म्हणजे कार्ला. तो मॉस्कोला जातो, मरत मात्र नाही. पुढे तिथल्या खात्यातला मोठा सूत्रधार होतो. स्मायलीचे ते दुखणे तो विसरत नाही आणि नेमके तिथेच बोट ठेवतो.

मधले ‘द ऑनरेबल स्कूलबॉय’ (१९७७) हाँगकाँगपासून कंबोडियापर्यंत भटकते. फार लांबले आहे, पन्नास पाने मी सरळ उलटली. मग येते ‘स्मायलीज पीपल’ (१९७९). आता पारडे फिरते. त्या निर्दय कार्लालाही एक मर्म असते: स्वित्झर्लंडच्या रुग्णालयात चोरून ठेवलेली मनाने आजारी मुलगी. स्मायली त्या मुलीच्या धाग्याने त्याला ओढतो. म्हणजे ज्या हत्याराने आपल्याला जखम केली, तेच हा सालस माणूस उचलतो! हे वाचताना मला त्याचा राग आला, आणि तो जिंकावा असेही वाटत होते.

शेवटी बर्लिनच्या पुलावरून कार्ला चालत येतो. तो लायटर जमिनीवर टाकतो. स्मायली पाहतो, पण वाकून उचलत नाही. तुम्ही जिंकलात, असे सहकारी म्हणतो. स्मायलीला त्याची खात्री वाटत नाही.

शेवटचे पुस्तक २०१७ चे. तिसऱ्या पुस्तकात ज्यांचा बळी गेला, त्यांची मुले खात्याकडे जाब मागायला येतात. १९२८ साली खात्यात लागलेला स्मायली एवढा जगला कसा, असे विचारू नका. लेखकाने मधल्या एका पुस्तकात त्याचे वय गुपचूप कमी करून ठेवले आहे. तेवढी सवलत दिली पाहिजे.

सौभाग्यवती माझ्या दोन पुस्तके मागे आहेत. दिवाळीच्या अनारशांचे तांदूळ भिजत पडले असताना स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “तो तिचा लायटर शेवटी परत मिळतो का हो त्याला?”

मी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागलो.